मिस्त्रीचा कान

मशीन बसलं ते ऐन कापणीत. अर्धं रान कापून झालं होतं, अर्धं वाळून खडखडत उभं होतं. वारा फिरला होता आणि चार दिवसांत पाऊस गाठणार अशी बातमी होती. अशा वेळी मालकाचं नवं हार्वेस्टर रानाच्या मधोमध उभं राहून नुसतं गुरगुरायला लागलं. बंद पडलं असतं तरी एक बरं. चालू होतं, पण अंगातलं बळ गेल्यासारखं. पुढे रेटलं की दबायचं, आणि ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लुकलुकत राहायचा.

मालकानं मिस्त्रीला बोलावलं. दुसऱ्या कोणाला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. आसपास डिझेल इंजिन म्हटलं की मिस्त्री, आणि मिस्त्री म्हटलं की त्याचा कान. पस्तीस वर्षं तो हेच करत आला होता. हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, पोलादी टोक इंजिनाच्या अंगाला, लाकडी मूठ कानाला. डोळे मिटायचे. मग सांगायचं, तिसऱ्या नंबरचा टॅपेट ढिला आहे, किंवा पंपाचं बेअरिंग बोलतंय. उघडलं की तसंच निघायचं. आता तर लोकांनी उघडून खात्री करणंही सोडून दिलं होतं. मिस्त्री म्हणाला ना, मग झालं.

तो कान दोन वर्षांपासून जात होता. बायको आणि लेक, घरातल्या या दोघींखेरीज हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या दोघींना ठाऊक आहे हे मिस्त्री मान्य करत नव्हता. जाडे आवाज अजून यायचे. क्रँकची धडधड, ट्रॅक्टर, दार आपटणं. बारीक आवाज मात्र एकेक करून उठून गेले. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली. मग बायकांचं बोलणं निम्मंशिम्मं व्हायला लागलं. तो ओठांकडे पाहायला शिकला आणि मान हलवायला शिकला. मान हलवली की माणसांची बहुतेक कामं भागतात, असं त्याच्या ध्यानात आलं होतं.

हार्वेस्टरच्या ड्रायव्हरला सगळे शिट्टी म्हणत. लांबट मानेचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. चौदा तास मशीनवर बसून वाट्टेल ती गाणी शिट्टीवर वाजवायचा, इतकी गोड की बांधावर गवत कापणारे विळा थांबवून ऐकत. मिस्त्रीला ती शिट्टी या हंगामात एकदाही ऐकू आली नव्हती. ओठांचा चंबू दिसला की तो म्हणायचा, "आज फार सुरात आहेस रे." शिट्टी खूश व्हायचा.

त्या दिवशी शिट्टी गात नव्हता. शिडीशी उभा राहून घाम पुसत होता.

"काल दुपारपासून असंच आहे, मिस्त्री. बैलाला जोखड लावावं आणि त्यानं बसून घ्यावं तसं."

मिस्त्री वर चढला. मागोमाग चाव्यांची पिशवी घेऊन त्याची लेक चढली. सव्वीस वर्षांची होती. शहरातल्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तिनं चार वर्षं काम केलं होतं. तेव्हा मिस्त्री भेटेल त्याला सांगायचा, माझी लेक कंपनीत इंजिनं उघडते. मग ते वर्कशॉप बंद झालं, लेक आठ महिन्यांपूर्वी घरी आली, आणि मिस्त्रीनं तिला रॉकेलच्या ट्रेमध्ये पार्ट धुवायला बसवलं. गिऱ्हाईक आलं की तिनं चाव्या द्यायच्या. तेरा-चौदाची दे, बारा-तेराची दे. ती देत होती.

दुपार डोक्यावर येईपर्यंत मिस्त्रीनं काय नाही केलं. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले. हाताच्या पंपानं लाइनीतली हवा काढली. डिझेल कोपरापर्यंत ओघळलं, त्यावर भुसा चिकटला, हाताला लव फुटल्यासारखी दिसायला लागली. हवेचा फिल्टर झटकला. पाइपांचे नट एकेक करून आवळले. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून चार ठिकाणी ऐकलं. इंजिन घुमत होतं, सरळ, निरोगी. त्यात खोट अशी नव्हतीच. निदान त्याला ऐकू येत होतं त्यात तरी नव्हती.

लेक धुराच्या पाइपाशी वाकून पाहत होती. नखानं तिनं काहीतरी खरवडलं आणि बापासमोर धरलं. मिठासारखा पांढरा खडा होता.

"बाबा, हे बघा. इंजिनात काही नाही. बिघाड पाठीमागे आहे, धुराच्या वाटेवर."

"धूर बिघडतो का कधी?" मिस्त्री म्हणाला. "तू सोळा-सतराची दे."

तिनं दिली.

संध्याकाळी मालक आला. खाली उभा राहून त्यानं मशीनकडे पाहिलं, मग आकाशाकडे, मग मिस्त्रीकडे.

"काय म्हणतंय इंजिन? की आज बोलणं बंद आहे?"

बांधावरची माणसं हसली. मिस्त्रीही हसला. खाली उतरताना त्याचा पाय शिडीवरून सटकला, आणि सावरायला शिट्टीनं त्याला काखेत धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकानं स्वतः लेकीला विचारलं. मिस्त्रीला वळसा घालून, जणू तो तिथे नव्हताच. "तू कंपनीत होतीस ना? बघ तुला काही कळतंय का."

तिनं आपला स्कॅनर आणला. पहिल्या वर्षीच्या पगारातून घेतलेला, कडेला चिकटपट्टी लावलेला. केबिनमधल्या खोबणीत वायर खोचली, पडद्यावरचे आकडे वाचले आणि विचारलं, "निळ्या झाकणाच्या टाकीत काय ओतलंत?"

शिट्टीनं मालकाकडे पाहिलं. मालकानं जमिनीकडे पाहिलं.

"युरिया," शिट्टी म्हणाला.

"कुठला?"

"पोत्यातला. विहिरीच्या पाण्यात कालवून. सगळे युरियाच म्हणतात ना त्याला?"

"म्हणतात. पण तो खताचा नव्हे." ती भांडत नव्हती, नुसतं सांगत होती. "या इंजिनांना धूर तसाच सोडायची परवानगी नाही. आधी तो एका जाळीतून जातो, तिथे काजळी अडकते. पुढे उरलेल्या विषारी वायूवर या टाकीतलं युरियाचं पाणी फवारलं जातं. ते शुद्ध लागतं, डबाबंद मिळतं. तुम्ही खत घातलंत, त्याचे खडे झाले आणि फवारा तुंबला. मशीनला कळलं की धूर धुतला जात नाही, म्हणून त्यानं स्वतःचं बळ स्वतःच कमी करून घेतलं."

"गाढवा," मालक शिट्टीला म्हणाला, "कोणी सांगितलं होतं तुला हे उपद्व्याप करायला?"

मालकानंच सांगितलं होतं. हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. शिट्टीनं मान खाजवली. "चुकलं मालक. मला वाटलं, पिकाला मानवतो तर मशीनलाही मानवेल." लोक हसले. त्यानं ती गोष्ट हसण्यावारी घालवली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दिवसभर लेक राबली. टाकी रिकामी केली, बॅटरीत घालतात त्या पाण्यानं तीनदा विसळली, फवाऱ्याची नळी सोडवून कोमट पाण्यात भिजत घातली. खडे विरघळेपर्यंत ती घमेल्याजवळ उकिडवी बसून होती. मालकाची गाडी शहरातून डबे घेऊन आली. चार वाजता तिनं नवं पाणी भरलं, स्कॅनरवरून बिघाडाची जुनी खूण पुसली आणि शिट्टीला म्हणाली, "लाव."

मशीननं एक हुंकार दिला आणि ताठ उभं राहिलं. पातं फिरलं, पुढची दहा पावलं रान भुईसपाट झालं. माणसं ओरडली. कोणीतरी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणालं, "मिस्त्री, आता चाव्या तुम्ही द्यायच्या!"

एवढं मात्र त्याला लख्ख ऐकू आलं.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा लेक चुलीकडे तोंड करून आईला हातवारे करत काही सांगत होती. त्याला तिची पाठ दिसत होती. मधेच तिनं मान वळवून विचारल्यासारखं केलं. "बटण" आणि "चाळीस मिनिटं" एवढं त्याच्या हाती लागलं. त्यानं मान हलवली. ती पुन्हा चुलीकडे वळली आणि बोलत राहिली. तो घास चावत राहिला. आपल्याच घरात आपण पाहुण्यासारखे बसलो आहोत, असं त्याला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मशीन सुसाट चाललं. अकराच्या सुमाराला पडद्यावर दुसराच दिवा लागला. लेक तेव्हा रानातच होती. ती शिडीवर चढली, स्कॅनर लावला, आणि चालू इंजिनाच्या आवाजावरून ओरडून सांगायला लागली. शिट्टी केबिनमध्ये होता, मिस्त्री खाली, चाकाशी.

"जाळी काजळीनं भरत आली आहे! शिट्टीभाऊ, हा दिवा तुम्ही मशीन बसायच्या आधीपासून दाबून पुढे ढकलताय ना? आता नाही ढकलायचा. काजळी जाळून टाकावी लागेल. चाळीस मिनिटं लागतील. पण इथे नाही! मशीन आधी बांधापलीकडे मुरमावर न्या. इंजिनावरचा भुसा उडवल्याशिवाय बटणाला हात लावू नका. आतून भट्टीसारखं तापतं ते. मी दुकानातून ब्लोअर घेऊन येते. बाबा, ऐकलंत ना?"

मिस्त्रीनं तिचे ओठ हलताना पाहिले. ऊन डोळ्यांवर होतं, तिचा चेहरा काळा दिसत होता. त्यानं मान हलवली.

ती स्कूटर घेऊन गेली. शिट्टीनं इंजिन बंद केलं. ढग अजून लांब होते, पण वाऱ्याला ओलसर वास होता. पाच मिनिटांत मिस्त्रीच्या खिशातला फोन थरथरला. मालकाचा आवाज जाडा होता, तो ऐकू यायचा.

"मशीन उभं का? मला इथून दिसतंय. पुन्हा काय झालं?"

"काही नाही, काजळी जाळायची आहे. चाळीस मिनिटांचं काम."

"मग जाळा ना! की त्यालाही पोरीची वाट बघायची?"

मिस्त्रीनं फोन खिशात टाकला. बटण कुठलं ते त्यानं पाहून ठेवलं होतं. काजळी जाळायचं बटण म्हणून काल तिनं ते शिट्टीला दाखवलं तेव्हा तो मागेच उभा होता. तो शिडी चढायला लागला. शिट्टी समोर आला, हात आडवा करून काही म्हणाला. मिस्त्रीला त्याच्या ओठांवर एकच शब्द वाचता आला. ताई. ताई म्हणाली. पुढचं वाचायला तो थांबलाच नाही. पस्तीस वर्षं ज्यानं या भागातली इंजिनं जिवंत ठेवली, त्याला एक ड्रायव्हर सांगणार, ताई काय म्हणाली!

"बाजूला हो," तो म्हणाला. "तू जरा सावलीला टेक. रात्रंदिवस जागतोयस. मी बघतो."

शिट्टी घुटमळला. पण मिस्त्री शेवटी मिस्त्री होता. तो मागच्या चाकाच्या सावलीत जाऊन आडवा झाला, आणि त्याचा डोळा लागला.

मिस्त्री केबिनमध्ये बसला, काच लावली, इंजिन सुरू केलं, बटण दाबून धरलं. पडद्यावर चित्र बदललं. इंजिनाचा आवाज आपसूक चढला आणि चढलेलाच राहिला. त्याला बरं वाटलं. त्याच्या पाठीमागे, इंजिनाच्या माथ्यावर, धुराच्या नळकांड्याभोवती इतक्या दिवसांच्या कापणीचा भुसा बोटभर जाडीनं बसला होता. वर येताना त्यानं तो पाहिलाही होता. पण त्यात पाहण्यासारखं काय होतं? जन्मभर त्यानं भुशातच इंजिनं चालवली होती. ती कधी इतकी तापत नसत.

दहा-बारा मिनिटं गेली. करपल्याचा वास आला. काजळी जळते आहे, तो मनाशी म्हणाला.

मागे शिट्टी उठला होता. त्याला आधी धूर दिसला, मग भुशावर सरपटणारी लाल रेघ. तो ओरडला. मशीनच्या अंगावर मुठी आपटल्या. मिस्त्रीला फक्त इंजिन ऐकू येत होतं. आग विझवायची लाल बाटली केबिनमध्ये होती, मिस्त्रीच्या पायाशी, त्याच्या नडगीला टेकलेली. शिट्टीनं ती मागितली. बाटली द्या, मिस्त्री, बाटली! कोणी वळून पाहिलं नाही तेव्हा तो मागच्या शिडीनं वर चढला आणि रिकाम्या पोत्यानं आग बडवायला लागला. पोतं पेटलं. मग त्यानं दोन्ही हातांनी भुसा ओढायला सुरुवात केली, घरात शिरलेलं पाणी उपसावं तसा. नळकांड्याला हात लागला तिथे तो चिकटला.

मानेवर ऊन बदलल्यासारखं वाटलं म्हणून मिस्त्रीनं आरशात पाहिलं. आरसा नारिंगी झाला होता.

तो बाटली घेऊन धावला. फवारा चांगला बसला, वरची आग विझली. पण तोवर ठिणग्या खाली धसकटांत पडल्या होत्या आणि वाऱ्यानं त्या उचलल्या होत्या. लोकांनी ट्रॅक्टरनं रान नांगरून पट्टा पाडला तेव्हा कुठे ती थांबली. उभ्या पिकाचा मोठा तुकडा गेला. मशीनच्या वायरी वितळून दोऱ्यांसारख्या लोंबत होत्या. शिट्टी जमिनीवर बसला होता, हात समोर धरून, कोणाचे तरी हात सांभाळायला घेतल्यासारखे. तो ओरडत नव्हता. तळव्यांची कातडी वर नळकांड्यावर राहिली होती.

लेक स्कूटरवर ब्लोअर पायाशी ठेवून बांधावरून येताना दिसली. मग ती स्कूटर टाकून पळायला लागली.

शिट्टीला इस्पितळात नेलं. दुपारी मालकाच्या अंगणात माणसं जमली. मालक खुर्चीवर बसला होता, मिस्त्री त्याच्यासमोर उभा. आजवर त्या अंगणात त्याला कोणी उभं ठेवलं नव्हतं.

"सुरू कोणी केलं?"

"मी केलं," मिस्त्री म्हणाला. "तिनं सांगितलं होतं, दिवा लागला की हे बटण दाबायचं. चाळीस मिनिटं. तसं केलं."

"मी सांगितलं, मुरमावर न्या," लेक म्हणाली. तिच्या ओढणीला काजळी लागली होती. "भुसा उडवल्याशिवाय हात लावू नका म्हणाले. दोनदा सांगितलं. काल घरी, आज रानात."

मालकानं मिस्त्रीकडे पाहिलं. "मिस्त्री?"

आता एक वाक्य पुरलं असतं. मला ऐकू आलं नाही. लोक चुकचुकले असते, म्हातारपण आहे म्हणाले असते. आणि उद्यापासून एकही इंजिन त्याच्या दारात आलं नसतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या कानाला कोण इंजिन लावणार? हे सगळं त्याच्या मनात एका क्षणात येऊन गेलं. तिनं काहीतरी सांगितलं होतं आणि आपण मान हलवली होती, हेही आलं.

त्यानं कानांवर हात ठेवले. "मला असलं काही सांगितलं नाही."

लेकीनं बापाकडे पाहिलं. ती आता बोलेल म्हणून त्यानं वाट पाहिली. तिनं नजर काढून घेतली आणि ओढणीवरची काजळी पुसायला लागली.

"बाईच्या हातात मशीन दिलं तिथेच चुकलं," मालक म्हणाला. "अर्धवट शिकतात आणि दुसऱ्याचा जीव घेतात." मग तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तुमचं ते कंपनीचं शहाणपण यापुढे या शिवारात नको."

घरी आल्यावर तिनं दार लावलं आणि बापाच्या समोर, उजेडात, उभी राहिली. एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, सरळ सांगा ना. ऐकू आलं नाही म्हणून. त्यात लाज कसली? मी येते बरोबर. डॉक्टरकडे जाऊ, यंत्र मिळतं कानाला."

"माझे कान शाबूत आहेत."

"मग मी सांगितलं ते ऐकलं होतंत?"

मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. फळीवर तिचा स्कॅनर होता. त्यानं तो उचलला आणि रॉकेलच्या ट्रेमध्ये टाकला. फेकला नाही, टाकला, धुवायला टाकतात तसा. वरून बोटानं दाबला. बारीक बुडबुडे आले.

लेकीनं तो बाहेर काढला. चिंधीनं पुसला, कडेची चिकटपट्टी नीट दाबून बसवली. तो आता चालणार नाही हे तिच्याइतकं कोणाला कळत होतं?

"आई, तू तरी बोल," ती म्हणाली. "तू ऐकलंस काल. चुलीपाशी."

आईनं पदराला हात पुसले. "ऐकलं. सगळं ऐकलं. पण घर कशावर चालतं तेही मला ठाऊक आहे ना, बाई. तू थोडे दिवस शहरात मामाकडे जा."

सकाळच्या एसटीनं ती गेली. आई फाटकापर्यंत गेली. मिस्त्री एका जुन्या पंपाचे स्क्रू सोडवत बसला होता, एसटी सुटल्यावरच त्यानं मान वर केली.

शहरात तिनं दोन वर्कशॉपमध्ये विचारलं. दोन्हीकडे मालकाचा शब्द आधीच पोचला होता. महिनाभरानं मामाचा निरोप आला, लेक एका पेट्रोलपंपावर गाड्यांत डिझेल भरते आणि निळ्या झाकणाच्या टाक्यांत ते पाणी भरते. तिच्या आईनं हे मिस्त्रीला समोर बसून, सावकाश सांगितलं. त्यानं मान हलवली.

त्याचं काम मात्र चालू राहिलं. उलट वाढलं. नव्या मशीनची लोकांनी धास्ती घेतली होती, माळ्यावरची जुनी इंजिनं खाली उतरली. मिस्त्री स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि अंदाजानं काहीतरी सांगायचा. दहातल्या सहा वेळा बरोबर निघायचं.

सात आठवड्यांनी शिट्टी घरी आला. मालक त्याला भेटायला निघाला तेव्हा त्यानं मिस्त्रीला मोटारसायकलवर मागे बसवलं. "एकदा तोंड दाखवून या. बरं दिसतं." मिस्त्रीनं सफरचंदं घेतली होती.

शिट्टी भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताची बोटं जोडून एक झाली होती. डाव्या हाताची दोन काढून टाकली होती. बायको त्याला कपानं चहा पाजत होती, दर घोटाला हनुवटी पुसत होती. चेहरा तोच होता, लांबट, हसरा. मिस्त्रीला पाहून तो खरंच हसला.

"या मिस्त्री. केव्हापासून तुमची वाट बघतोय." जिवावर आलेलं काही सांगून टाकावं तसा तो भरभर बोलायला लागला. "माझ्या मनात काही नाही, बरं का. मी हिला रोज सांगतो. मिस्त्रींना ऐकू आलं नसणार. इंजिन चढलेलं, काच लावलेली. मी खूप ओरडलो. बाटली मागितली. ती तुमच्या पायाशी होती. ऐकू आलं असतं तर मिस्त्री बसून राहिले असते का? नाही ना? ऐकू आलं नव्हतं ना तुम्हाला?"

हे सगळं मिस्त्रीला कळलं. शिट्टी समोर होता, उजेडात, आणि मोठ्यानं बोलत होता. त्याची बायको कप हातात धरून मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहत होती. मालकही पाहत होता. मालकाचे डोळे बारीक झाले होते. काय ऐकू आलं नव्हतं? मिस्त्रीला? ज्याला इंजिनाच्या पोटातलं ऐकू येतं त्याला?

मिस्त्रीनं घसा खाकरला. "आलं होतं," तो म्हणाला. "कानांना काय झालंय माझ्या?"

शिट्टीचं हसू तसंच राहिलं, पण त्या हसण्यामागचा माणूस उठून गेला होता. त्यानं मान भिंतीकडे वळवली आणि हळू आवाजात काही विचारलं. मिस्त्रीला त्याचे ओठ दिसले नाहीत. काहीतरी विचारलं आहे एवढं कळलं, कारण सगळे थांबले होते.

त्यानं मान हलवली. हो.

शिट्टीच्या बायकोनं कप खाली ठेवला. उठली, सफरचंदांची पिशवी उचलली, उंबऱ्याबाहेर त्याच्या चपलांशेजारी ठेवली आणि येऊन पुन्हा नवऱ्याची हनुवटी पुसायला लागली. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

बाहेर आल्यावर मालक मोटारसायकलपाशी थांबला. तो मुळात मऊ माणूस नव्हता, पण त्याचाही चेहरा उतरला होता.

"शुद्धीवर आहात ना, मिस्त्री? त्यानं काय विचारलं? ऐकूनही मुद्दाम आला नाहीत का, असं विचारलं. आणि तुम्ही हो म्हणता?"

मिस्त्री त्याच्या ओठांकडे पाहत होता.

"आणि त्याचं ओरडणं ऐकलंत, तर पोरीनं सांगितलेलंही ऐकलंच असेल. सरळ हिशोब आहे. मग माझ्या अंगणात उभं राहून तिला खोटं पाडलंत. पोटच्या पोरीला." मालकानं मोटारसायकलवर टांग टाकली. "मी तिचं नाव सगळीकडे खराब करून बसलो. आता काय उपयोग? आता मी सांगितलं तरी कोण ऐकणार."

त्यानं किक मारली. इंजिन फटफटत सुरू झालं.

"मला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाला.

मालकानं वळून पाहिलं. हात कानामागे धरला. "काय?"

इंजिन धडधडत होतं. शिट्टीची बायको दारातून बघत होती. शेजारच्या ओट्यावर दोन माणसं बसली होती, त्यातल्या एकाचा पंप मिस्त्रीकडे दुरुस्तीला होता.

"काही नाही," मिस्त्री म्हणाला.

मालक त्याला मागे न घेताच गेला. मिस्त्रीनं चपला घातल्या. पिशवी उचलावी की नाही ते त्याला ठरवता येईना. तो थोडा वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिला. ओट्यावरच्या माणसानं हात वर करून त्याला काही विचारलं. मिस्त्रीनं मान हलवली आणि तो चालायला लागला.